सुई हाती घेण्यापूर्वी

मन्याशूल, अंसशूल, कटिशूल यांवर आमचे अनेक वैद्यबंधू आता सुईचा अवलंब करू लागले आहेत. त्यास आमचा विरोध नाही. परंतु एकाच फलकावर ॲक्युपंक्चर, ड्राय नीडलिंग व विद्धकर्म ही तीन नावे समानार्थी म्हणून लिहिलेली दिसतात, तेव्हा चार शब्द लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

ॲक्युपंक्चर चिनी परंपरेतील बिंदू व मार्ग यांवर आधारलेले आहे. ड्राय नीडलिंगचा उगम आधुनिक वैद्यकात आहे. मांसपेशीतील दुखऱ्या गाठीत औषध टोचण्याची पद्धत रूढ होती. औषधाविना नुसत्या सुईनेही वेदना शमते, हे कारेल लेविट यांनी १९७९ मध्ये मांडले. सुश्रुताचार्यांनी अष्टविध शस्त्रकर्मांत वेधन सांगितले खरे. पण त्यांचे वेध्य म्हणजे सिरा, मूत्रवृद्धी व दकोदर. गृध्रसीतील सिराव्यधाचा हेतूही रक्तमोक्षण हाच. म्हणून 'हे सर्व आमच्या ग्रंथांत होतेच' हे विधान अभ्यासास धरून नाही.

परिणामाविषयीही संयम हवा. जर्मनीत ११६२ कटिशूलग्रस्तांवर झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुईने नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक आराम दिला. मात्र बिंदू सोडून वरवर टोचलेल्या सुईचा गुणही जवळपास तितकाच आला. रुग्णास लाभ होतो, पण अमुक बिंदूचेच ते सामर्थ्य, असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

धोका मात्र निश्चित आहे. खांद्याच्या व पाठीच्या वरच्या भागात मांसपेशीखाली फुप्फुस असते. सुई खोल गेल्यास फुप्फुसावरणात हवा शिरते व रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. अपलाप, अंसफलक ही मर्मे याच परिसरातील. मर्म राखूनच शस्त्र चालवावे, हा सुश्रुताचार्यांचा उपदेश येथे तंतोतंत लागू पडतो.

आमच्या मते, रीतसर शिक्षणाविना कोणीही सुई हाती घेऊ नये. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, याचेही भान असावे. रुग्णाची लेखी संमती घ्यावी आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत काय, हे अवश्य विचारावे. टोचल्यानंतर छातीत दुखल्यास वा धाप लागल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. औषधविक्रेत्या बंधूंनी निर्जंतुक, मोहोरबंद व एकदाच वापरावयाच्या सुयाच ठेवाव्यात. वापरलेली सुई २०१६ च्या नियमांनुसार पांढऱ्या, अभेद्य डब्यातच जावी.

एवढे पथ्य ज्यांना पाळणे शक्य नाही, त्यांच्यापाशी स्नेहन-स्वेदन आहेच. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.