दंड भरला, काम राहिले

कोचिंगच्या व्यवसायात सध्या एक मत जोरात आहे: क्लायंटने दिलेला शब्द पाळला नाही, तर त्याला चटका बसलाच पाहिजे. पाचशे रुपये दंड घ्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव टाका, पुढचे सेशन रद्द करा. माणूस फी मोजतो ती गोड बोलणे ऐकायला नव्हे, असे ही मंडळी ठणकावून सांगतात. धाकाशिवाय कोणी काही करत नाही, एवढीच त्यांची माणसाची पारख. पण त्या धाकाने नेमके काय घडते, हे तपासायची तसदी ती घेत नाहीत.

इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांत झालेला एक प्रयोग उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी २००० साली प्रसिद्ध केला. पालक मुलांना न्यायला उशिरा येत, म्हणून सहा पाळणाघरांनी दहा मिनिटांहून जास्त उशिराला दहा शेकेल दंड लावला. उशीर करणारे घटले नाहीत, उलट जवळजवळ दुप्पट झाले. शिक्षिका आपल्यासाठी खोळंबते याची वाटणारी भीड दंडाने घालवली, कारण उशिराचे पैसे आता चुकते होत होते. पुढे दंड उठवला, तरी प्रमाण खाली आले नाही. आता असा मॅनेजर घ्या, ज्याने हाताखालच्या माणसाशी त्याच्या चुकांबद्दल शुक्रवारपर्यंत बोलेन असा शब्द कोचला दिला आहे. तो बोलला नाही. यूपीआयने पाचशे रुपये पाठवून मोकळा झाला. बोलणे का टळले, त्याला नेमकी कशाची धास्ती होती, हे विचारायची जागाच त्या पाचशे रुपयांनी बुजवली. पुढच्या वेळी तो सहज जमेल तेवढाच शब्द देईल, किंवा न केलेले काम केले म्हणून सांगेल. कोच काही त्याच्या कचेरीत जाऊन बघत नाही; क्लायंट जे सांगेल तेवढेच त्याच्या हाती असते. धाकाने आधी नासतो तो या सांगण्यातला खरेपणा, आणि तो गेला की सेशनमध्ये बोलण्यासारखे काही उरत नाही.

हा वाद आपण शाळेतल्या छडीवरून घालून बसलो आहोत. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली, तेव्हाही ‘मग शिस्त कशी लागणार?’ हा प्रश्न होताच. मुलांच्या बाबतीत कायद्याने बंद केलेली गोष्ट मोठ्यांच्या बाबतीत फी घेऊन करायची, हे कोणत्या न्यायाने?

प्रगती जाहीर केल्याने फायदा होतो, असा दाखला धाकाचे समर्थक देतील. १३८ अभ्यासांच्या २०१६ मधल्या आढाव्यात तसे दिसलेही आहे. पण तिथे तपासली ती प्रगतीची नोंद आणि तिचे कळवणे, नालस्ती नव्हे. आणि ज्याला दंडच हवा, त्याने तो मित्राकडे भरावा. त्यासाठी कोच कशाला?

याचा अर्थ कोचने विचारूच नये असा नाही. न विचारणे ही क्लायंटच्या शब्दाची अवहेलना आहे. शब्द लिहून ठेवावा. काम कधी, कुठे, कसे करणार हे त्याच्याच तोंडून ठरवून घ्यावे, कारण असा ठरावच तडीस जाण्याची शक्यता जास्त, हे मानसशास्त्रात वारंवार दिसले आहे. कसे आणि कधी कळवणार, हेही त्यानेच ठरवावे. शब्द मोडला तर आडवे काय आले ते शोधावे. तीनदा मोडला, तर हे उद्दिष्ट तुमचे की तुमच्या साहेबांचे, असे स्पष्ट विचारावे, आणि गरज पडल्यास काम थांबवावे.

कोच निवडताना पहिल्याच भेटीत विचारा: ‘मी शब्द पाळला नाही तर तुम्ही काय कराल?’ उत्तरात दंडाचा आकडा आला, तर दुसरा कोच शोधा.