रागाला सूट कशासाठी?

बोरगाव-सौंसर भागातील आपल्या जुन्या मराठी घरांत दारू सोडलेल्या पुरुषाविषयी एक सल्ला हमखास ऐकू येतो : ‘त्याने एवढे केले, आता त्याचा राग तेवढा सोसा.’ सल्ला वडीलधारे देतात. सोसायचे असते ते सुनेने. ह्या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

नव्याने दारू सोडलेल्याची चिडचिड खोटी नसते. वर्षानुवर्षे दारूने दाबून ठेवलेली मज्जासंस्था दारू थांबताच उसळते. झोप उडते, हात कापतात, साधा शब्दही टोचतो. तीव्र त्रास काही दिवसांत ओसरला तरी चिडचिड कित्येक महिने रेंगाळू शकते. पण चिडचिडीचे कारण कळले म्हणून उगारलेल्या हाताला परवाना मिळत नाही. पांढुर्ण्याची गोटमारसुद्धा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच होते. घरातल्या गोटमारीला मात्र तिथीच नाही!

डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात उभारलेल्या ‘मुक्तांगण’ने पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला, तो उगाच नव्हे. तिच्याही मनात वर्षांचा संताप साचलेला असतो. आपण तिला उपासतापास सुचवतो!

राग आवरणे हा त्याच्याच उपचाराचा भाग आहे. भूक, थकवा, एकटेपणा वेळीच ओळखणे, शब्दाने शब्द वाढण्याआधी उठून बाहेर पडणे, गटात मन मोकळे करणे, हे सारे त्याने शिकायचे. वडीलधाऱ्यांना काही सांगायचेच असेल तर त्यांनी ते मुलाला सांगावे; आणि हात उठलाच, तर सुनेसाठी माहेरची गाडी स्वतः बोलवावी.