बोरुसिया डॉर्टमुंडचा २००४-०५ चा हंगाम : मैदानावर सातवा, ताळेबंदात शेवटचा

जर्मनीच्या बुंडेसलिगा स्पर्धेत २००४-०५ च्या हंगामात बोरुसिया डॉर्टमुंड हा क्लब ५५ गुणांसह सातव्या क्रमांकावर राहिला. केवळ गुणतक्ता पाहणाऱ्यास हा एक सामान्य, फारसा स्मरणात न राहणारा हंगाम वाटेल. प्रत्यक्षात १९०९ साली स्थापन झालेल्या या क्लबच्या अस्तित्वाचा निर्णय त्या हंगामात मैदानाबाहेर झाला. १४ मार्च २००५ रोजी ड्युसेलडॉर्फच्या विमानतळावर एका गुंतवणूक निधीच्या सभासदांनी मतदान केले आणि क्लब वाचला. ही वेळ का आली, हे समजून घेणे आजही उपयुक्त आहे.

डॉर्टमुंड हे रुहर खोऱ्यातील शहर. कोळसा, पोलाद आणि बिअर या तीन उद्योगांवर ते उभे राहिले. खाणी एकामागून एक बंद झाल्या. २००१ साली फिनिक्स पोलाद कारखान्याचे उरलेले कामही थांबले आणि तेथील यंत्रसामग्री सुटी करून चीनला पाठविण्यात आली. अशा शहरात फुटबॉल क्लब ही केवळ करमणूक राहत नाही. क्लबचे मैदान असलेल्या वेस्टफालेन स्टेडियमच्या दक्षिणेकडील सज्जात सुमारे २५ हजार प्रेक्षक उभ्याने सामना पाहतात. संकटाच्या त्या हंगामातही घरच्या सामन्यांना सरासरी ७५ हजारांहून अधिक प्रेक्षक येत होते. म्हणजेच प्रेक्षकांनी पाठ फिरविल्यामुळे क्लब अडचणीत आला, असे म्हणता येत नाही.

मूळ कारण व्यवस्थापनाच्या महत्त्वाकांक्षेत होते. १९९७ साली डॉर्टमुंडने युरोपीय चॅम्पियन्स लीग जिंकली. ऑक्टोबर २००० मध्ये शेअर बाजारात उतरणारा तो जर्मनीतील पहिला फुटबॉल क्लब ठरला. समभागाची विक्री ११ युरो दराने झाली आणि १० कोटी युरोंहून अधिक भांडवल हाती आले. अध्यक्ष गेर्ड नीबाउम आणि व्यवस्थापक मिशाएल मायर यांनी हा पैसा प्रामुख्याने खेळाडूंवर खर्च केला. चेक खेळाडू टोमाश रोसिट्स्की आणि ब्राझीलचा मार्सिओ अमोरोसो यांच्यासाठी त्या काळी डोळे विस्फारावेत अशा रकमा मोजल्या गेल्या. २००२ साली माथियास झामर यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. खर्च सार्थकी लागला, असे तेव्हा अनेकांना वाटले.

परंतु हे सारे गणित एका गृहीतकावर बेतलेले होते. संघ दर वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणार आणि तेथील उत्पन्नातून वेतनाचा भार सोसणार, हे ते गृहीतक होय. २००२ मध्ये दूरचित्रवाणी हक्कांचा व्यवहार करणारा किर्श माध्यम समूह दिवाळखोरीत गेला आणि सर्वच जर्मन क्लबांचे उत्पन्न आकुंचित झाले. २००३ च्या उन्हाळ्यात बेल्जियमच्या क्लब ब्रुगेने पात्रता फेरीतच डॉर्टमुंडला बाहेर काढले. उत्पन्नाचा मोठा स्रोत आटला. करारबद्ध खेळाडूंची वेतने मात्र कायम राहिली. २००३-०४ या आर्थिक वर्षात क्लबला ६ कोटी ७० लाख युरोंहून अधिक तोटा झाला.

तत्पूर्वीच, २००२ साली, क्लबने आपले स्टेडियम मोल्सिरिस या स्थावर मालमत्ता निधीला विकून ते भाडेपट्ट्याने परत घेतले होते. तात्कालिक रोकड मिळाली, पण दर वर्षी मोठे भाडे देण्याचे बंधन आले. राहते घर विकून त्याच घरात भाडेकरू व्हावे, तसा हा प्रकार होता. २००४ मध्ये टॉर्स्टन फ्रिंग्स हा राष्ट्रीय संघातील खेळाडू बायर्न म्युनिकला विकावा लागला. क्लबची निकड एवढी होती की, याच बायर्न म्युनिकने डॉर्टमुंडला २० लाख युरोंचे विनातारण कर्ज दिले होते. ही गोष्ट बायर्नचे उली होनेस यांनी २०१२ साली जाहीर केली.

नव्या हंगामासाठी बर्ट फान मारवाइक हे डच प्रशिक्षक आले. पूर्वार्धात संघ गुणतक्त्याच्या खालच्या भागात रेंगाळत राहिला. नोव्हेंबर २००४ मध्ये नीबाउम यांनी अध्यक्षपद सोडले आणि राइनहार्ड राउबाल हे वकील त्या पदावर आले. १७ फेब्रुवारी २००५ रोजी क्लबने आपली आर्थिक स्थिती अस्तित्वालाच धोका निर्माण करणारी असल्याची जाहीर कबुली दिली. त्यानंतर दोनच दिवसांनी म्युनिकमध्ये संघाचा ०-५ असा पराभव झाला. त्याच महिन्यात हान्स-योआखिम वात्स्के यांनी कारभाराची सूत्रे हाती घेतली.

धनकोंपुढे दोनच पर्याय होते : काही रकमेसाठी थांबणे, किंवा दिवाळखोरीत निघणाऱ्या क्लबकडून हाती लागेल तेवढे घेणे. निधीच्या पाच हजारांहून अधिक गुंतवणूकदारांपैकी बहुतेकांना फुटबॉलशी कर्तव्य नव्हते. तरीही भाड्याचा काही भाग पुढे ढकलण्याच्या योजनेला ९० टक्क्यांहून अधिक मते मिळाली. भाडेकरू नसलेले स्टेडियम कोणाच्याच कामाचे नव्हते, हा व्यवहार त्यांनी ओळखला. योजना फेटाळली गेली असती, तर लीगचा परवाना जाऊन क्लब व्यावसायिक फुटबॉलमधून बाहेर फेकला गेला असता. मतदानानंतर संघाची कामगिरी सुधारली आणि तो सातव्या स्थानापर्यंत पोहोचला.

जर्मन फुटबॉलमध्ये १९९८ पासून '५०+१' हा नियम आहे. क्लबने आपल्या संघाची कंपनी स्थापन केली, तरी निर्णायक मताधिकार सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहावा, असा त्याचा आशय आहे. बाहेरच्या धनिकांपासून क्लबचे रक्षण करणारा नियम म्हणून त्याचा गौरव होतो, आणि तो रास्तही आहे. तथापि डॉर्टमुंडची घसरण कोणा परकीय मालकामुळे झाली नाही. ती सभासदांच्याच विश्वासातील पदाधिकाऱ्यांनी घडविली. भागधारकांनी पैसा दिला, पण नियंत्रण त्यांच्याकडे नव्हते. सभासदांकडे नियंत्रण होते, पण विजयाच्या आनंदात ताळेबंद तपासण्याची निकड त्यांना भासली नाही. मालकीचा नियम हा हिशेबतपासणीला पर्याय ठरू शकत नाही, हा या प्रकरणाचा मुख्य धडा आहे.

पैसा संपल्यावर क्लबला तरुणांकडे वळणे भाग पडले. ऑगस्ट २००५ मध्ये नुरी शाहिन वयाच्या सोळाव्या वर्षी मैदानात उतरला आणि बुंडेसलिगात खेळणारा तेव्हाचा सर्वांत लहान खेळाडू ठरला. २००८ मध्ये युर्गेन क्लॉप प्रशिक्षक झाले. २०११ आणि २०१२ मध्ये डॉर्टमुंडने सलग दोन विजेतेपदे मिळविली, आणि २०११ च्या विजेत्या संघात शाहिन प्रमुख होता. २००२ चे यश विकत घेतलेले होते व त्याची किंमत पुढे चुकवावी लागली; २०११ चे यश घडविलेले होते. या दोहोंच्या मधोमध २००४-०५ चा तो सातवा क्रमांक उभा आहे. त्या वर्षी क्लबने एकही चषक जिंकला नाही, मात्र पुढचा हंगाम खेळण्याचा हक्क राखला.