झाडाखाली पडलेले

लेश्यावृक्षाचे चित्र अनेकांनी लहानपणापासून मंदिराच्या भिंतीवर किंवा पाठशाळेच्या पुस्तकात पाहिलेले असते. जांभळाच्या झाडापाशी सहा भुकेले वाटसरू आलेले आहेत. पहिला झाड मुळापासून उखडायला निघतो, दुसरा खोडावर कुऱ्हाड उगारतो, तिसरा मोठी फांदी तोडतो, चौथा डहाळ्या, तर पाचव्याला नुसती पिकलेली फळे तोडायची आहेत. सहावा मात्र खाली वाकतो आणि गळून पडलेली जांभळे वेचतो. कृष्णलेश्येपासून शुक्ललेश्येपर्यंतचा हा चढता क्रम मुलांना तोंडपाठ असतो. चित्रकाराच्या नजरेने पाहिले तर त्यात आणखी एक गोष्ट आढळते. पाचही जणांचे डोळे झाडाकडे लागलेले आहेत. पायाखाली काय पडले आहे ते एकट्या सहाव्याने पाहिले. वेचण्याच्या आधी पाहणे येते, आणि कलेचा आरंभही बहुधा तिथेच होतो.

चंदीगडमधील नेकचंद यांचे सगळे आयुष्य अशा वेचण्यात गेले. त्यांचा जन्म १९२४ मधला, आज पाकिस्तानात असलेल्या शकरगढ भागातील एका खेड्यात, शेतकरी कुटुंबात. फाळणीत घर सुटले. पुढे पंजाबची नवी राजधानी उभी राहू लागली तेव्हा सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षकाची नोकरी मिळाली. ल कॉर्बुझिए या जगद्विख्यात वास्तुरचनाकाराने आखलेले ते नगर. सरळ रस्ते, चौकोनी सेक्टर, काँक्रीटच्या भव्य इमारती. पण ज्या जमिनीवर ते उभे राहत होते तिथे आधी गावे होती. ती उठवली गेली, घरे पाडली गेली, आणि विटा, कौले, भांडी, बांगड्या यांचे ढीग जागोजागी पडून राहिले. नगर बांधणाऱ्यांना ते ढीग अडचणीचे वाटत होते. घर गमावून आलेल्या या रस्ते निरीक्षकाला ते तसे वाटले नाहीत.

१९५७–५८ च्या सुमारास त्यांनी सुखना तलावाजवळच्या जंगलातील एका घळीत थोडी जागा साफ केली. ती राखीव जमीन होती. तिथे कोणालाही बांधकामाची परवानगी नव्हती. नोकरीचे तास संपले की ते सायकल घेऊन निघत. शिवालिकच्या पायथ्याशी, नद्यांच्या कोरड्या पात्रांत हिंडत आणि पाण्याने घासून घडवलेले दगड कॅरियरवर बांधून आणत. कोणत्या दगडात पक्षी दिसे, कोणत्यात माकड, कोणत्यात बसलेला माणूस. या पहिल्या टप्प्यात त्यांनी दगडाला छिन्नी लावलीच नाही. नदीने शेकडो वर्षे जे काम केले होते, त्याची फक्त निवड करायची आणि त्याला उभे राहायला जागा द्यायची, इतकेच. शिल्पकाराची कमाई हातात असते असे आपण धरून चालतो. नेकचंद यांची पहिली कितीतरी वर्षांची कमाई डोळ्यांत होती.

मग भंगार आले. फुटकी कपबशी, न्हाणीघरातील फरशांचे तुकडे, विजेचे चिनी मातीचे सॉकेट, सायकलींचे सांगाडे, डांबराची रिकामी पिंपे, आणि बांगड्या. मराठी घरात बांगडी फुटली असे कोणी म्हणत नाही. ती वाढवली असे म्हणतात. त्या वाढवलेल्या बांगड्यांच्या तुकड्यांवर मुलींचा काचापाण्याचा खेळ चाले. नेकचंद यांचे खेडे दूरचे, भाषा वेगळी. पण तिथेही हे तुकडे मुलांच्या खेळण्यात होतेच, आणि तेही लहानपणी तसेच खेळले होते. पुढे हजारो बांगड्या त्यांच्या हाती आल्या तेव्हा खेळाचे बाहुल्यांत आणि बाहुल्यांचे एका अख्ख्या दरबारात रूपांतर झाले.

हे काम कसे चाले ते व्यापारी घरातील वाचकांना चटकन उमगेल. गुदामात माल आला की आधी प्रतवारी होते. प्रतवारी झाल्याशिवाय भाव ठरत नाही. नेकचंद यांनीही प्रथम साठा केला, रंग आणि आकार पाहून तो वेगवेगळा लावला आणि मगच घडवायला घेतले. सायकलीच्या सळ्यांचा सांगाडा, त्यावर सिमेंट, आणि ते ओले असतानाच वरून बांगड्यांची किंवा चिनी मातीची कातडी. या पद्धतीची एक सक्ती होती. बांगडीचा तुकडा वाकडाच असतो, त्याला सरळ रेष येत नाही. म्हणून त्या मूर्तींच्या वस्त्रांना आपोआप घेर येतो, चुण्या पडतात. सायकलच्या दांडीचा सांगाडा फारसा वाकत नाही, म्हणून माणसे ताठ उभी राहतात, रांगेत, सैन्यासारखी किंवा वरातीसारखी. एकेकट्या पाहिल्या तर त्यांतल्या कित्येक मूर्ती साध्याच, थोड्या ओबडधोबडही वाटतात. शेकडोंनी उभ्या राहिल्या की मात्र अंगावर काटा येतो. ही शैली त्यांनी कोणत्या कलाशाळेत शिकलेली नाही. मालाने जी वाट मोकळी ठेवली त्या वाटेने ते गेले. भिंतींचेही तेच. डांबराच्या पिंपांच्या रांगा आणि सिमेंटची भरली पोती यांचेच तट झाले, आणि दारे इतकी ठेंगणी ठेवली की कितीही मोठा माणूस आला तरी वाकूनच आत जातो.

या सगळ्या कौतुकात एक प्रश्न मात्र झाकून चालणार नाही, आणि श्रावकाच्या मनात तो आधी उठायला हवा. पडलेले उचलणे म्हणजे अदत्तादान नव्हे काय? रत्नकरंड श्रावकाचारात आचार्य समंतभद्रांनी अचौर्याणुव्रताचे लक्षण सांगताना दुसऱ्याची ठेवलेली, पडलेली आणि विसरलेली अशा तिन्ही वस्तू नावे घेऊन वर्ज्य केल्या आहेत. मालकाने सोडून दिलेली नसेल तर ती घेऊही नये आणि उचलून दुसऱ्याला देऊही नये. पंडित दौलतरामांनी छहढाळ्यात गृहस्थाला पाणी आणि माती एवढीच सूट ठेवली आहे. तेव्हा नुसते ‘पडलेले’ असणे पुरेसे नाही, ‘सोडलेले’ असणे आवश्यक आहे. दुकानाच्या दारात पडलेली नोट आणि कचऱ्यात टाकलेला खोका यांतला फरक प्रत्येक दुकानदार जाणतो.

या मोजमापाने पाहिले तर नदीपात्रातील दगड मातीच्या पंगतीत बसतील. उकिरड्यावरची फुटकी बशी मालकाने सोडलेली आहे, तिचाही दोष नाही. पाडलेल्या गावांचा ढिगारा मात्र जरा जड जातो. त्या घरांचे मालक घरे टाकून गेले नव्हते. त्यांना उठवण्यात आले होते. ज्याचे स्वतःचे गाव सुटले त्याने दुसऱ्या सुटलेल्या गावांच्या विटा जपून ठेवाव्यात, याला चोरी म्हणवत नाही, पण हक्कही म्हणवत नाही. आणि जमीन? ती सरकारची, राखीव, आणि नेकचंद सरकारचेच नोकर. दीड दशकाच्या आसपास त्यांनी हे काम गुपचूप केले, रात्री जुने टायर पेटवून त्या उजेडात. कलेचा मोठेपणा या गोष्टीला पुसून टाकतो असे मानणे सोयीचे आहे, खरे नाही.

१९७२ च्या सुमारास जंगल साफ करायला आलेल्या सरकारी माणसांना ते विचित्र राज्य दिसले. तोवर ते काही एकरांवर पसरले होते. कायद्याने ते पाडायला हवे होते. बातमी पसरली, लोक पाहायला लोटले, आणि पाडण्याचा निर्णय लांबत गेला. अखेर १९७६ मध्ये ‘रॉक गार्डन’ म्हणून ते जनतेला खुले झाले. नेकचंद यांना रस्त्याच्या कामातून मोकळे करून त्याच कामाचा पगार आणि हाताखाली मजूर देण्यात आले. म्हणजे जे अदत्त होते ते मालकाने उशिरा का होईना, दिले. त्यानंतर शहरभर फुटक्या चिनी मातीच्या आणि चिंध्यांच्या संकलनाची केंद्रेही निघाली; ज्याला जे नको असेल ते त्याने स्वतःच आणून द्यावे. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज ही बाग सुमारे ४० एकरांची आहे.

गंमत अशी की ज्या ल कॉर्बुझिएच्या काटेकोर आराखड्यात ही घळ बसत नव्हती, तो स्वतःही वेचणाराच होता. समुद्रकिनाऱ्यावरचे गोटे, हाडे, शिंपले, झाडांची मुळे असा त्याचा संग्रह असे, आणि अशा वस्तूंतून आपल्याला रचना सुचतात असे तो सांगे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर सापडलेले खेकड्याचे कवच त्याच्या टेबलावर पडून होते. फ्रान्समधील राँशाँ येथे १९५५ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या प्रार्थनामंदिराचे फुगीर छत त्या कवचावरून आले. एकाने कवचाचा आकार घेतला आणि कवच टेबलावर ठेवले, दुसऱ्याने वस्तूच भिंतीत बसवली.

अपरिग्रहाच्या दृष्टीने तिसरा एक मार्ग अधिक विचार करण्याजोगा आहे. स्कॉटलंडमध्ये राहणारे अँडी गोल्डस्वर्दी पाने, काटक्या, बर्फाचे तुकडे, दगड, माती यांतून जागच्या जागी रचना करतात. पान पानाला जोडायला काटा वापरायचा, बर्फ बर्फाला चिकटवायला पाणी. वारा आला की पाने उडतात, ऊन चढले की बर्फ वितळतो, भरती आली की काटक्यांचा घुमट तरंगत जातो. उरते ते छायाचित्र. झाडाची ताजी पानेही ते घेतात, तेव्हा सहाव्या वाटसरूची कसोटी त्यांना दरवेळी लागू पडेलच असे नाही. पण केलेले सोडून देणे त्यांनी कामाचाच भाग मानला आहे. मंदिरात पाटावर अक्षतांचा साथिया, तीन ढिगल्या आणि वर सिद्धशिलेची कोर मांडणाऱ्या आजीबाईंना यात नवल वाटणार नाही. त्यांची रचना रोज पुसली जाते आणि रोज नव्याने मांडली जाते.

नेकचंद यांनी सोडले नाही, साठवले. त्यामुळे जपण्याचा भार आला. एकदा रस्त्यासाठी बुलडोझर आले तेव्हा नागरिकांनी हातात हात घालून साखळी केली. १९९६ मध्ये ते परदेशी गेले असता बागेची नासधूस झाली. १२ जून २०१५ रोजी ते गेले. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाकडे जाणारा रस्ता रुंद करण्यासाठी बागेच्या भिंतीचा एक भाग पाडण्यात आला. या वेळीही लोक विरोधाला उभे राहिले, पण भिंत वाचली नाही.

आत मूर्ती उभ्या आहेत. ऊन, पाऊस, मुलांचे हात यांनी एखाद्या घागऱ्यावरचा हिरवा तुकडा निखळतो. दुरुस्तीला नवी बांगडी आणून चालत नाही. त्याच रंगाची, त्याच जाडीची आणि कोणाच्या तरी हातावर वाढवलेली बांगडी शोधावी लागते.