मंडई, मांजरी आणि एक परदेशी गांव

पुण्यास बाजारहाटासाठीं गेलेल्या प्रत्येक शेतकऱ्यानें मंडईची ती उंच शिखराची दगडी इमारत पाहिली असेलच. शनिवारवाड्यापुढील पटांगणांत उघड्यावर भरणारा भाजीबाजार हलवून इ. स. १८८६ मध्यें ही इमारत खुली करण्यांत आली व त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव तिला देण्यांत आलें. नगरपालिकेचे सभासद असतां जोतीराव फुले यांनीं या इमारतीवरील खर्चास विरोध केला होता; तो पैसा लोकांच्या शिक्षणाकडे लागावा, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढें आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें त्याच इमारतीस महात्मा फुल्यांचें नांव मिळालें. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या पुरुषाचें नांव भाजीबाजारास शोभतें, यांत शंका नाहीं. परंतु नांव शेतकऱ्याच्या कैवाऱ्याचें, आणि गाळ्यावर बसणारा मात्र बहुधा शेतकरी नव्हे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या मंडईचें पोट भरलें तें शहराच्या कडेवरील गांवांनीं. खडकवासल्याचें धरण १८७९ मध्यें पुरें झालें, मुठेच्या उजव्या कालव्यास पाणी आलें आणि हडपसर, मांजरी, लोणी या बाजूची जिराईत जमीन बागाईत झाली. ऊंस, भाजीपाला व फळें तेथें होऊं लागलीं. रात्रीं गाडी जुंपावी व पहांटे माल शहरांत उतरावा, एवढेंच काय तें अंतर. भाजी ताजी राही, वाहतुकीचा खर्च थोडा, आणि शहरांतील खताचा शेतास उपयोग होई. शहर व गांव एकमेकांवर जगत होतीं.

आतां काय स्थिति आहे ? १९९७ मध्यें अनेक गांवें महानगरपालिकेच्या हद्दींत आलीं. २०१७ मध्यें आणखी अकरा आलीं. २०२१ मध्यें तेवीस आलीं, व त्यांत मांजरी बुद्रुक हें एक. याच मांजरीच्या परिसरांत १९९७ मध्यें राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झालें. तेथील शास्त्रज्ञांनीं काढलेल्या वाणांस ‘मांजरी नवीन’, ‘मांजरी मेडिका’, ‘मांजरी किशमिश’ अशीं नांवें आहेत. म्हणजे दूरदूरच्या द्राक्षबागांतून मांजरीचें नांव मांडवावर चढत आहे, आणि खुद्द मांजरीच्या काळ्या रानांत मात्र मजल्यांवर मजले चढत आहेत ! नांव उरावें आणि रान जावें, यापेक्षां चमत्कारिक गोष्ट ती कोणती ?

शहर वाढलें म्हणजे कडेचें शेत जाणारच, त्यास इलाज नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. आमचें मत तसें नाहीं. आणि तें कां, हें सांगण्यासाठीं वाचकांस थोडे दूर नेतों.

व्हिएन्ना ही ऑस्ट्रिया देशाची राजधानी. तिच्या नैर्ऋत्य वेशीस लागून पेर्खटोल्ड्सडॉर्फ नांवाचें सुमारें १५,००० वस्तीचें गांव आहे. मांजरीचें पुण्याशीं जें नातें, तेंच या गांवाचें व्हिएन्नाशीं. १९३८ मध्यें जर्मनीनें ऑस्ट्रिया गिळल्यावर व्हिएन्नाची हद्द चोहोंकडे वाढविण्यांत आली व हें गांव तींत ओढलें गेलें. महायुद्ध संपल्यावर, १९५४ मध्यें, तें पुन्हां बाहेर पडून स्वतंत्र झालें. पण आंत असो वा बाहेर असो, तेथील उतारावरचे द्राक्षमळे मोडले नाहींत. आजही नोव्हेंबर महिन्यांत मळ्यांच्या राखणदारांची मिरवणूक तेथें वाजतगाजत निघते. इकडे फुरसुंगी व उरुळी देवाची हीं गांवेंही २०१७ मध्यें पुण्यांत गेलीं व २०२४ मध्यें वेगळ्या नगरपरिषदेसाठीं बाहेर काढलीं गेलीं. तात्पर्य, हद्दीची रेषा कागदावर पुढेंमागें होते. शेत टिकतें तें निराळ्या कारणांनीं.

तीं कारणें मुख्यतः दोन. पहिलें विक्रीच्या हक्काचें. सम्राट दुसरा जोसेफ यानें १७८४ मध्यें हुकूम काढून प्रत्येक मळेवाल्यास आपल्या मळ्याची दारू व घरचे खाद्यपदार्थ, पाहिजे तेव्हां व पाहिजे त्या भावानें, स्वतः विकण्याची मोकळीक दिली. तेव्हांपासून दारावर हिरव्या फांद्यांचा जुडगा टांगला कीं राजधानीचीं माणसें समजतात कीं मळेवाल्याकडे नवा माल निघाला. आणि तीं आपण होऊन त्याच्या अंगणांत येतात. दारूची थोरवी गाणें हा आमचा हेतु नाहीं. पिकविणारा व खाणारा यांच्यामध्यें तिसरा हात नसला म्हणजे लहान मळाही कसा पोसतो, एवढेंच पाहावयाचें. दुसरें कारण कायद्याचें. व्हिएन्ना शहरांत द्राक्षमळ्यांच्या जमिनीस इमारतींपासून संरक्षण आहे, व म्हणूनच एवढ्या मोठ्या राजधानीच्या हद्दींत शेंकडों हेक्टर मळे आजही उभे आहेत.

आतां कोणी म्हणेल, “गुंठ्यास जो भाव येतो तो कोथिंबिरीच्या जुडींतून सात जन्मांत निघणार नाहीं, मग शेतकऱ्यानें शहरासाठीं तोटा कां सोसावा?” हा आक्षेप खरा आहे, आणि तो उडवून लावणें हा अप्रामाणिकपणा होईल. हडपसरच्या मगर व इतर शेतकरी कुटुंबांनीं आपली सुमारें ४०० एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा वसविला, विकून टाकण्याऐवजीं भागीदारी राखली, हें उदाहरण आम्हांस ठाऊक आहे व आम्हांस त्याचें कौतुकही आहे. पण तशी एकी किती गांवांनीं दाखविली ? महसुली दप्तरांत आमची उमर गेली. सातबाराच्या उताऱ्यावर आधीं पीकपाण्यास ‘पड’ असा शेरा यावा, मग वांटपाची नोंद यावी, मग खरेदीखताची, आणि शेवटीं बिनशेती क्षेत्राची, हा क्रम आम्हीं इतक्या वेळां पाहिला आहे कीं पहिली नोंद दिसतांच शेवटची कळावी. आलेला पैसा गाडी, लग्न व बंगला यांत गेला आणि मालकाचा मुलगा त्याच जागेच्या फाटकाशीं पहारेकरी झाला, असेंही पाहिलें आहे.

म्हणून नुसता ‘शेती विभाग’ नकाशावर रंगवून भागणार नाहीं. विक्रीची सोय व पाण्याची हमी न देतां रंग तेवढा लावणें म्हणजे शेतकऱ्याच्या हातापायांत बेडी घालणें होय. उलट विक्रीचा हक्क दिला, पण जमिनीस आधार दिला नाहीं, तर विकावयास मालच उरणार नाहीं. दोन्ही चाकें पाहिजेत, तरच गाडी चालेल.

हक्काच्या बाबतींत आपण अगदींच रिकामे नाहीं. १९६३ च्या बाजार कायद्याचें बंधन २०१६ मध्यें फळें व भाजीपाला यांपुरतें सैल झालें आहे. बाजाराच्या आवाराबाहेर शेतकऱ्यानें माल विकण्यास आतां आडकाठी नाहीं. मांजरीच्या उपबाजारांत शेतकरी स्वतः माल घेऊन बसतो. शहरांत ठिकठिकाणीं शेतकऱ्यांचे आठवडेबाजारही भरले आहेत. उणीव आहे ती कायमच्या जागेची. हक्क आहे, पण बूड टेकावयास हक्काची ओटी नाहीं, अशी ही गत आहे.

आमची सूचना अशी. समाविष्ट गांवांचे विकास आराखडे जेव्हां हरकतींसाठीं प्रसिद्ध होतात, तेव्हां आपण मुदतींत लेखी हरकत द्यावी. चावडीवर कुरकुर करून उपयोग नाहीं. प्रत्येक गांवीं बागाईत पट्टा राखण्याची मागणी करतांना, त्या पट्ट्यास पाणी व विक्रीसाठीं छपराची जागा यांचीही मागणी त्याच अर्जांत करावी. मंडईंतही कांहीं गाळे पाळीपाळीनें प्रत्यक्ष पिकविणाऱ्यास मिळावे, असा ठराव आपल्या मंडळीनें करून महानगरपालिकेकडे पाठवावा. आणि ज्यांस जमीन विकणें भागच आहे त्यांनीं विहिरीलगतचा एक तुकडा तरी राखावा; नातवंडांस भाजी कोठें होते हें दाखविण्यापुरता तरी तो उपयोगीं पडेल.

फुल्यांच्या नांवाच्या इमारतींत पिकविणाऱ्यास बसावयास जागा मिळेल, त्या दिवशीं तें नांव सार्थ झालें असें आम्ही समजूं. तोंपर्यंत आपली मागणी लावून धरणें हेंच आपलें काम आहे.