पुरात बुडालेल्या गाड्या विकणाऱ्यांना पंधरा दिवसांची मुदत

निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, बेळगाव आणि पलीकडे कागल-कोल्हापूरपर्यंत जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करणाऱ्या सर्व व्यापाऱ्यांना आणि दलालांना हा जाहीर इशारा आहे. पुरात बुडालेली, ठोकून सरळ केलेली किंवा मीटर मागे फिरवलेली गाडी दोष लपवून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची आणि तो तक्रार घेऊन आला की 'जशी आहे तशी घेतली, सही तुमचीच आहे' म्हणून दारातून परतवायचं, हे यापुढे खपवून घेतलं जाणार नाही. ज्यांनी अशी गाडी विकली आहे त्यांनी आजपासून पंधरा दिवसांत ती परत घ्यावी आणि पैसे द्यावेत.

हे मी ऐकीव गोष्टींवर लिहीत नाही. गेल्या दसऱ्याच्या तोंडावर कोगनोळी टोल नाक्यापलीकडच्या एका व्यापाऱ्याकडून मी ४ लाख १० हजारांना एमएच-०९ पासिंगची गाडी घेतली. एकाच मालकाची, सगळी सर्व्हिस शोरूमला, कुठं खरचटलेलंसुद्धा नाही, असं त्यानं शपथेवर सांगितलं. दिवाळीनंतर बेळगावहून येताना तवंदी घाटाच्या उतारावर स्टेअरिंग एकाएकी दगडासारखं जड झालं. मागे आई आणि दोन मुलं होती. गाडी कशीबशी कडेला घेतली. त्या दिवशी समोरून ट्रक आला असता तर हे लिहायला मी उरलो नसतो.

निपाणीतल्या मिस्त्रीनं डॅशबोर्डाखालची वायरिंग उघडली. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. मग त्यानं मला सीटचा पट्टा ओढायला सांगितलं, अगदी शेवटपर्यंत. रोज आपण पट्टा छातीपुरता ओढतो, तेवढा भाग स्वच्छ धुतलेला होता. त्यापुढचा वीतभर भाग तपकिरी निघाला आणि माझ्या तळहातावर वाळलेला बारीक गाळ सांडला. आम्ही वेदगंगेच्या काठची माणसं. पुराचा गाळ आम्हाला कुणी ओळखून द्यावा लागत नाही.

त्याहून वाईट पुढं होतं. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. माझ्या गाडीत तो लागतच नव्हता. मीटर उघडल्यावर दिसलं की दिव्यावर आतून काळी चिकटपट्टी लावली आहे. एअरबॅग बिघडली होती, दिवा सतत जळत राहिला असता, म्हणून तो झाकला होता. गाडीत दोष असू शकतो, ती जुनी आहे, हे मला मान्य आहे. पण चिकटपट्टी आपोआप लागत नाही. ज्यानं ती लावली त्याला ठाऊक होतं की अपघात झाला तर ही पिशवी फुगणार नाही, आणि हे ठाऊक असताना ती गाडी लेकरंबाळं असलेल्या घराला विकली गेली.

अशा गाड्या येतात कुठून, हे या भागात कुणाला सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगली पाण्याखाली गेली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं, यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं. पार्किंगमध्ये, तळघरांत, दारात उभ्या गाड्या बुडाल्या. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते, मालकाला पैसे देते आणि सांगाडा विकते. त्यातल्या काही गाड्या धुऊन, वास घालवून, नवीन मॅट टाकून पुन्हा रस्त्यावर येतात. गाळ धुता येतो, पण तारांच्या जोडात शिरलेलं पाणी वर्षानुवर्षं आपलं काम करत राहतं. म्हणून पुरात बुडालेली गाडी लगेच दगा देत नाही. ती वर्षा-दोन वर्षांनी देते, आणि तोवर विकणारा नामानिराळा झालेला असतो.

मी त्या व्यापाऱ्याला फोन केला. त्याचं उत्तर शब्दशः लिहितो : 'तुम्ही तिकडचे. केस कुठं घालणार? तारखांना नाका ओलांडून येणार काय?'

हाच या धंद्याचा खरा आडोसा आहे. जवळजवळ सत्तर वर्षं आम्ही या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेपायी सोसतो आहोत, आणि त्याच सीमेचा आडोसा करून आमच्याच भाषेत बोलणारा माणूस आम्हाला लुबाडतो. त्याला सांगतो, तो आडोसा २० जुलै २०२० रोजीच गेला. त्या दिवशी लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार ग्राहक जिथं राहतो किंवा पोटासाठी काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दुकान कोल्हापुरात असू दे, सांगलीत असू दे नाहीतर गोव्यात. मी निपाणीत राहतो, तक्रार बेळगावच्या आयोगात जाईल, आणि नाका ओलांडून तारखांना यायचं आहे ते त्यांनी. किंमत ५ लाखांच्या आत असेल तर फीसुद्धा लागत नाही. हेच बेळगावच्या व्यापाऱ्याकडून गाडी नेणाऱ्या कागलकरालाही लागू आहे.

'जशी आहे तशी' या तीन शब्दांनी सगळं माफ होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी १८७२ च्या करार कायद्यातलं कलम १७ वाचावं. ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम दडवणं ही फसवणूक आहे, आणि फसवून घेतलेली संमती रद्द करता येते. जाणूनबुजून फसवून पैसे उकळले असतील तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन खात्याचं प्राधिकारपत्र लागतं आणि गाडी ताब्यात घेतल्याची खबर खात्याला द्यावी लागते. किती जणांच्या भिंतीवर ते पत्र आहे? ज्यांच्याकडे नाही त्यांची तक्रार आरटीओकडे स्वतंत्रपणे होईल.

आता घेणाऱ्यांना. तुमच्यावर मी रागावणार आहे, कारण माझ्यावरही रागावलो आहे. तंबाखूचे, उसाचे पैसे हातात येतात आणि आपण चकाकणाऱ्या रंगाकडे पाहून विसार देऊन मोकळे होतो. साधी काळजी घेऊन जे दिसलं असतं ते पाहिलं नाही, तर विकणारा गप्प राहिला ही तक्रारही लंगडी पडते. पट्टा शेवटपर्यंत ओढा. स्टेपनीखालचा पत्रा बघा. दिवे लागून विझतात का ते पाहा. चॅसिस नंबर आरसीशी ताडा, परिवहनच्या अ‍ॅपवर कर्जाचा बोजा बघा. करार कन्नडात असेल आणि वाचता येत नसेल तर विश्वासातल्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. गाडी दुसऱ्या राज्याच्या पासिंगची असेल तर एनओसी हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. आणि स्वतःची गाडी विकणाऱ्यांनो, फॉर्म २९ आणि ३० कोरे सही करून दलालाच्या हाती देऊ नका. गाडी कितीही हातांतून गेली तरी आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे.

ज्यांची फसवणूक झाली आहे त्यांनी लाजून गप्प बसू नये. तक्रारीला मुदत दोन वर्षांचीच आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. आणि हो, गाडी शेजाऱ्याकडून, पाहुण्याकडून घेतली असेल तर ग्राहक आयोग नाही, दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागेल. ती लांबची आहे, हे मी लपवत नाही.

माझ्या व्यापाऱ्याचं नाव मी इथं लिहिलेलं नाही. त्याला नोटीस स्पीड पोस्टानं गेली आहे, पोच माझ्याकडे आली आहे. मिस्त्रीचा लेखी दाखला, दिव्यावरच्या चिकटपट्टीचे फोटो आणि पट्ट्यातून सांडलेल्या गाळाची पुडी मी तारीख घालून ठेवली आहे. गाडी दारात उभी आहे, त्या दिवसापासून चालवलेली नाही. पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर सोळाव्या दिवशी तक्रार बेळगावच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दाखल होईल.