औषध गुरांना, गोगलगाय मात्र चारीत तशीच

गाय खाते, पण अंगी लागत नाही. दूध तुटते, जबड्याखाली पाणी उतरते, शेण पातळ होते. बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यातील गोठ्यांना हे दुखणे नवे नाही. आपण म्हणतो ‘लिव्हर फ्लूक झाला’, औषध पाजतो आणि गाय पुन्हा त्याच चारीच्या कडेला सोडतो. मग दोष औषधाला!

यकृतातल्या या चपट्या कृमीची अंडी शेणावाटे पाण्यात जातात. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला दिवसभरात गोगलगाय भेटली नाही तर ते मरते. भेटली, तर तिच्या पोटात एकाची शेकडो होतात आणि बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतात. हेच गवत गाय खाते.

ही गोगलगाय जगते शेवाळावर आणि कुजक्या पाल्यावर. पाणी संथ असले, त्यात शेणामुताचे खत उतरले, की शेवाळ माजते आणि तीही वाढते. तिच्यात नर-मादी वेगळे नसतात, एकटी उरली तरी अंडी घालते. चारी आटली तर चिखलात दडते, आवर्तन सुटले की पुन्हा वर येते. नीरा डावा कालवा १८८५ पासून आहे, उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. तिला जागेची वाण नाही.

मात्र दिसेल ती गोगलगाय ठेचू नका. भिगवणला उघड्या चोचीचे करकोचे खातात ती मोठी, तोंडाला झाकण असलेली जात वेगळी. आपली वैरीण लहान, पातळ कवचाची, बिनझाकणाची लिम्निया.

मोरचूद टाकून काम भागत नाही. मासे मरतात आणि पुढच्या पाण्याबरोबर नव्या गोगलगायी वाहत येतात. गळकी दारे दुरुस्त करा, चारीतले गवत काढा. ग्रामपंचायतीने गुरांच्या हौदाभोवतीचा चिखल मुरूम टाकून बुजवावा. हे काम फार खर्चाचे नाही.

खरी पंचाईत उन्हाळ्यात. उजनीचे पाणी मागे सरकते, हिरवे गवत उघडे पडते आणि टंचाईत जनावर तिकडेच जाते. तेथे न चारता गवत कापून कडक वाळवा, साठवून मग घाला.

औषध डॉक्टरांना विचारूनच द्या. काही औषधे मोठ्या कृमीवर चालतात, पिल्लांवर नाही. शिवाय लागण झाल्यापासून साधारण तीन महिने शेणात अंडी दिसत नाहीत. तपासणीत शेण ‘साफ’ आले, तरी गाय पाण्याच्या काठी चरत होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.